बांध जमिनीवर एकच, मग डेटाबेसात दोनदा का?

गट नंबर ११२ आणि ११३ शेजारी शेजारी आहेत. मधे एक बांध. जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावर नकाशे साठवायच्या प्रणालीत, हे दोन गट नेहमीच्या पद्धतीने काढले की दोन बहुभुज, म्हणजे दोन पॉलिगॉन तयार होतात आणि तो एकच बांध दोनदा साठवला जातो. एकदा ११२ ची पूर्व हद्द म्हणून, एकदा ११३ ची पश्चिम हद्द म्हणून. शेपफाइल, जिओजेसन, जिओपॅकेज अशा नकाशाच्या फाइली आणि पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसचा साधा जॉमेट्री (आकृतीचा) कॉलम या सगळ्यांत हेच होतं. प्रत्येक आकृती स्वतःपुरती पूर्ण असते आणि शेजारी कोण आहे हे तिला ठाऊक नसतं. चित्र काढायला आणि रंग भरायला ही रचना उत्तम आहे. पण जमिनीच्या नोंदींसारखी माहिती, जिथे हद्दीवरूनच सगळे वाद असतात, ती अशी साठवली की दुखणी तिथूनच सुरू होतात.

नेमकं काय बिघडतं ते आकड्यांत बघू. समजा या बांधाची टोकं यूटीएममध्ये, म्हणजे मीटरमध्ये मोजायच्या निर्देशांक पद्धतीत, (३८००००.००, २०४८०००.००) आणि (३८००४०.००, २०४८१३४.००) अशी आहेत. लांबी साधारण १३९.८४ मीटर. पुढे ११३ ची वाटणी होते, ११३/१ आणि ११३/२. नवा बांध जुन्या बांधाला एक तृतीयांश अंतरावर येऊन मिळतो. तो बिंदू (३८००१३.३३३…, २०४८०४४.६६६…) असा न संपणारा येतो. आपण तो सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे (३८००१३.३३, २०४८०४४.६७) असा लिहिला की तो मूळ रेषेपासून सुमारे ४ मिलिमीटर बाजूला सरकतो. हा नवा कोपरा ११३/१ आणि ११३/२ मध्ये आला, ११२ मध्ये मात्र कोणी घातला नाही. आता ११२ ची हद्द सरळ आणि शेजाऱ्यांची किंचित मोडलेली. मधे १३९.८४ मीटर लांब आणि ४ मिलिमीटर रुंद अशी त्रिकोणी चीर पडते, क्षेत्रफळ ०.२९ चौरस मीटर. डोळ्यांना ती कधीच दिसत नाही. पण ‘११२ ला लागून कोणते गट?’ असं पोस्टजीआयएसचं एसटी_टचेस हे फंक्शन वापरून विचारलं की उत्तरात ११३/१ आणि ११३/२ येतातच असं नाही, कारण गणिताच्या हिशेबाने ते आता कडेला चिकटलेले नाहीत. ते एकमेकांवर चढलेत किंवा दुरावलेत.

ही चूक कुशल माणसाच्या हातूनही होते, कारण ती रचनेतच आहे. गाव नकाशा ट्रेस करताना तोच बांध दोनदा क्लिक केला तर फरक मिलिमीटरचा राहत नाही. सरासरी ३० सेंटिमीटर धरले तरी १४० मीटरच्या बांधावर ४२ चौरस मीटर होतात, म्हणजे जवळजवळ अर्धा आर.

रेषा आणि खुणेचे बिंदू

यावर आमचा उपाय असा की बहुभुज साठवायचेच नाहीत. दोन टेबलं ठेवायची. एकात फक्त रेषा: बांध, शीव, ओढ्याचे काठ, रस्त्याच्या कडा. दुसऱ्यात फक्त बिंदू, प्रत्येक गटाच्या किंवा हिश्शाच्या पोटात एक, त्याच्यावर गट नंबर. बहुभुज त्यातून तयार करून घ्यायचे. पोस्टजीआयएसमध्ये हे चार पायऱ्यांत होतं.

आधी सगळ्या रेषा एसटी_कलेक्टने गोळा करून एसटी_युनरीयुनियनमधून काढायच्या. जिथे रेषा एकमेकींना छेदतात किंवा मिळतात तिथे त्या तोडल्या जातात आणि दुहेरी आलेले तुकडे एक होतात. पोस्टजीआयएस ३.१ पासून (सोबत जिऑस ही भूमितीची लायब्ररी ३.९ हवी) या फंक्शनला ग्रिडचा आकार देता येतो. तिथे ०.०१ दिला की सगळे कोपरे एका सेंटिमीटरच्या जाळीवर बसतात आणि वरच्या चार मिलिमीटरच्या चिरेचा प्रश्न जागच्या जागी मिटतो. मग एसटी_पॉलिगनाइझ, ते बंद घरं तयार करून देतं. मग एसटी_डंपने ती सुटी करायची. शेवटी कोणत्या घरात कोणता बिंदू पडतो हे एसटी_कंटेन्सने जोडायचं. हा निकाल मटेरियलाइझ्ड व्ह्यू, म्हणजे साठवून ठेवलेलं क्वेरीचं उत्तर, म्हणून ठेवला की क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो नेहमीच्या थरासारखाच उघडतो. त्यात एखादा पुन्हा न येणारा पूर्णांक कॉलम मात्र हवा, नाहीतर क्यूजीआयएस थर घ्यायला कुरकुर करतं.

तपासणी फुकटात मिळते, हा या पद्धतीचा खरा फायदा. नियम एकच: प्रत्येक घरात नेमका एक बिंदू. दोन बिंदू सापडले तर मधला बांध काढायचा राहिलाय किंवा एखाद्या टोकाला जोडलेला नाही. एकही बिंदू नसेल तर तो ओढा, रस्ता, गावठाण आहे, नाहीतर रेषा दोनदा काढल्यामुळे झालेली चीर. चीर ओळखायला क्षेत्रफळाला परिमितीच्या वर्गाने भागायचं. चौरस शेतात हे गुणोत्तर ०.०६२५ येतं, १४० मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद चिरेत ०.०००५ च्या आसपास. अरुंद पाणंदही यादीत येईल, तेवढं डोळ्यांनी बघून सोडून द्यायचं.

एसटी_पॉलिगनाइझची एक खोड लक्षात ठेवायला हवी. लोंबती रेषा, म्हणजे जिचं एक टोक कशालाच मिळत नाही ती, ते गुपचूप टाकून देतं. एररही नाही आणि सूचनाही नाही. म्हणून तोडलेल्या रेषांची सुरुवातीची आणि शेवटची टोकं एकत्र करून मोजायची. ज्या जागी एकच टोक येतं ती जागा तपासायची. विहिरीचा गोल काढला असेल तर ते आणखी एक घर होतं, हेही ध्यानात असू द्या. विहिरी या टेबलात आणूच नयेत, त्यांचा थर वेगळा.

टोकं जुळवायची मर्यादा किती ठेवायची? सगळीकडे चालेल असा आकडा नाही, हिशेब मात्र आहे. १:५००० च्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते, १:१०००० वर पाच मीटर. म्हणजे नकाशाच मुळात तितका धूसर आहे. पण जुळवणीची मर्यादा अडीच मीटर ठेवली तर तीन मीटरच्या पाणंदीच्या दोन कडा बऱ्याच ठिकाणी एकमेकींत मिसळून जातील. त्यामुळे गावातली सर्वांत अरुंद खरी वस्तू शोधायची आणि मर्यादा तिच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवायची. बहुतेक वेळा एक मीटरच्या खाली राहावं लागतं, उरलेली टोकं हाताने जोडायची.

पोस्टजीआयएसमध्ये टोपोलॉजी नावाचं वेगळं एक्स्टेन्शनही आहे. त्यात नोड (टोक), एज (रेषा) आणि फेस (घर) अशी टेबलं असतात, प्रत्येक एजला डावीकडचा आणि उजवीकडचा फेस नोंदलेला असतो. तत्त्वतः हेच योग्य मॉडेल. पण एका गावाचे काही शे गट असतील तर रेषा-बिंदूंची पद्धत शिकायला सोपी आणि बिघडली तर दुरुस्त करायला त्याहून सोपी. टोपोलॉजीचं टेबल कोणी थेट हात घालून बदललं की सावरताना नाकी नऊ येतात. बहुभुजच हवेत असा हट्ट असेल तर निदान क्यूजीआयएसमध्ये स्नॅपिंग (जवळच्या जागेला आपोआप चिकटणं) कोपरा आणि रेषा दोन्हींवर ठेवा, टोपोलॉजिकल एडिटिंग चालू करा आणि ओव्हरलॅप टाळण्याचा पर्याय निवडा. मग नवा कोपरा शेजाऱ्याच्या हद्दीतही आपोआप पडतो.

रेषेच्या अंगावर काय लिहायचं

बांध ही स्वतंत्र नोंद झाली की तिला स्वतःची माहिती देता येते. बहुभुजात हे शक्यच नसतं, कारण एका गटाच्या चार बाजू चार वेगळ्या स्रोतांतून आलेल्या असू शकतात. एक बाजू गाव नकाशावरून ट्रेस केलेली, दुसरी टिपणावरून (जुन्या मोजणीत लिहिलेल्या मापांवरून) मांडलेली, तिसरी मोजणीच्या क प्रतीवरून (मोजणीनंतर मिळणाऱ्या नकाशावरून), चौथी रोव्हरने, म्हणजे अचूक जीपीएस यंत्राने घेतलेली. म्हणून रेषेच्या टेबलात निदान हे कॉलम हवेत: प्रकार, स्रोत, स्रोताची तारीख आणि मीटरमध्ये अचूकता. रोव्हरला पक्कं स्थान (फिक्स) मिळालेल्या बिंदूला ०.०५, १:५००० च्या नकाशावरून काढलेल्याला २.५. हा कॉलम नसेल तर सहा महिन्यांनी सगळ्या रेषा सारख्याच विश्वासार्ह दिसू लागतात.

टिपणावरून मांडणी करताना एक जुना खड्डा आहे. आपल्याकडच्या शंकू-साखळीच्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी गुणिले एक साखळी म्हणजे एक गुंठा. परदेशी पुस्तकात आणि बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये साखळी म्हणजे ६६ फूट. सॉफ्टवेअरच्या यादीतून ‘चेन’ हे एकक निवडलं की लांबी दुप्पट आणि क्षेत्र चौपट. इतकी मोठी चूक निदान दिसते तरी. आण्यांची चूक मात्र लपते. टिपणावरचं ८ साखळी ४ आणे म्हणजे ८.२५ साखळ्या, ८२.९८ मीटर. कोणी ते ८.४ असं दशांशात भरलं तर ८४.४९ मीटर होतात. दीड मीटरचा फरक, आणि आकृती बघून शंका येणार नाही इतपत छोटा. साखळी आणि आणे दोन वेगळ्या पूर्णांक कॉलममध्ये भरून घ्या, आण्यांवर ० ते १५ ची अट घाला. मीटर डेटाबेसला काढू द्या.

गट नंबर हा आकडा नाही

गट नंबर नेहमी टेक्स्ट कॉलममध्ये. ११२/१ आणि ११२/१० हे दोन वेगळे हिस्से आहेत. स्लॅशच्या जागी टिंब देऊन दशांशात साठवले तर ११२.१ आणि ११२.१० एकच होतात. एक्सेलमधून यादी आणायची असेल तर आधी कॉलम टेक्स्ट करून मगच पेस्ट करा, नाहीतर १२/३ चा १२ मार्च होऊन बसतो आणि तो परत गट नंबर होत नाही.

प्रायमरी की, म्हणजे प्रत्येक नोंदीची वेगळी ओळख, म्हणूनही गट नंबर चालत नाही. गावागणिक तेच नंबर येतात. शिवाय तुकडेजोडीच्या योजनेत, म्हणजे १९४७ च्या तुकडेबंदी-तुकडेजोड कायद्याखाली, जिथे एकत्रीकरण झालं तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. बऱ्याच गावांत, विशेषतः कोकणात, अजून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबरच चालतात. जुन्या कागदावरचा ४५ आणि आजचा ४५ हे शेत एकच असेल याची काही खात्री नाही. त्यामुळे की म्हणून अर्थ नसलेला एक क्रमांक द्यायचा आणि त्याच्यासोबत गावाचा सहा अंकी कोड, नंबराचा प्रकार (सर्व्हे, गट, नगर भूमापन) आणि नंबर असे तीन कॉलम ठेवायचे.

अंक देवनागरी की इंग्रजी, हे पहिल्या दिवशीच ठरवून टाका. डेटाबेसच्या दृष्टीने देवनागरी ११२ आणि इंग्रजी आकड्यांतला ११२ या दोन निराळ्या स्ट्रिंग आहेत, जॉइन लागणार नाही. शोधायच्या कॉलममध्ये इंग्रजी अंक आणि छापताना देवनागरी, हे सोयीचं पडतं. तीच गत ‘ॲ’ ची. तो एका अक्षरात टाइप करता येतो, तसाच ‘अ’ वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखे, आतून वेगळे, आणि युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (अक्षरं एकाच रूपात आणायची पद्धत) त्यांना एक करत नाही. डेटा आत घेतानाच बदल करून घ्यावा लागतो.

क्षेत्र: दोन कॉलम, आणि एकाने दुसऱ्याला हात लावायचा नाही

सातबारावरचं क्षेत्र आणि नकाशावरून मोजलेलं क्षेत्र सहसा जुळत नाही. जुळलंच पाहिजे असंही नाही. पहिलं नोंदीचं आहे, दुसरं आकृतीचं. नकाशावरचा आकडा नोंदीच्या कॉलमवर लिहिणं हा आमच्या मते या कामातला सगळ्यांत मोठा गुन्हा. नोंदीच्या क्षेत्रात लागवडीयोग्य आणि पोटखराब वेगळे ठेवा. साठवा चौरस मीटरमध्ये, पूर्णांकात. हेक्टर-आर-चौरस मीटर अशी १.२०.५० ची मांडणी फक्त दाखवण्यासाठी. ती म्हणजे १२०५० चौरस मीटर. कोणी १.५.० असं भरलं तर त्याचा अर्थ १ हेक्टर ५ आर आहे, दीड हेक्टर नव्हे. गुंठा आणि आर एकच धरण्याची सवयही महागात पडते. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. एका हेक्टरात ९८.८४ गुंठेच बसतात.

आकृतीचं क्षेत्र काढताना प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट मांडायची पद्धत, बघा. ईपीएसजी ४३२६ मध्ये, म्हणजे अक्षांश-रेखांशांत असलेल्या जॉमेट्रीवर एसटी_एरिया चालवलं तर उत्तर चौरस अंशांत येतं, ०.००००००८ असं काहीतरी, ज्याला अर्थ नाही. यूटीएमच्या पट्टा ४३ मध्ये (ईपीएसजी ३२६४३) मध्यरेखा ७५ अंशांवर, आणि तिथे लांबी ०.९९९६ पटीने मोजली जाते. त्यामुळे हेक्टरमागे ८ चौरस मीटर कमी येतात, पुण्याच्या रेखांशावर साधारण साडेचार. पृथ्वीच्या वक्रतेसकट हवं असेल तर जॉमेट्री जिऑग्राफी या प्रकारात बदलून (कास्ट करून) क्षेत्र काढा.

महाराष्ट्राच्या पोटातून ७८ अंश पूर्व रेखांश जातो. त्याच्या पश्चिमेला पट्टा ४३, पूर्वेला ४४. नागपूर, वर्धा ४४ मध्ये, अमरावती शहर ४३ मध्ये, आणि यवतमाळ जिल्हा दोहोंत विभागलेला. एका गावाचं किंवा तालुक्याचं काम असेल तर सरळ यूटीएममध्ये साठवा. राज्यभराचं असेल तर ४३२६ आणि जिऑग्राफी. पट्टा चुकला तर सगळं सहा अंश सरकतं, ते लगेच कळतं. एसटी_सेटएसआरआयडी (फक्त लेबल लावणारं) आणि एसटी_ट्रान्सफॉर्म (आकडेही बदलणारं) यांची अदलाबदल झाली तर आकडे तेच राहून फक्त लेबल बदलतं आणि गाव भलतीकडे जातं. अक्षांश-रेखांश उलटे भरले तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाच्या थोडं दक्षिणेला समुद्रात सापडतं. जिओजेसनमध्ये आधी रेखांश, मग अक्षांश. बोलताना आपण उलट म्हणतो.

खरा फसवा प्रकार डेटमचा, म्हणजे पृथ्वीचा कुठला आकार धरून मोजलं त्याचा. जुने टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर आहेत. त्यांवरचे अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएसचं डेटम) समजून वापरले तर पुण्याच्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. गाव आपल्या जागीच दिसतं, शेत मात्र शेजाऱ्याचं.

माणसं, फेरफार, काळ

‘मालकाचं नाव’ हा कॉलम आकृतीच्या टेबलात नको. एका गटात पाच खातेदार सामाईक असतात आणि एका खातेदाराचे सात गट असतात. गट, खातं आणि त्यांना जोडणारं हिश्शाचं टेबल, अशी तीन टेबलं लागतात. हिस्सा अंश आणि छेद असा दोन पूर्णांकांत ठेवा. एक तृतीयांश दशांशात लिहिला की तिघांची बेरीज एक होत नाही. सामाईक गटात वहिवाटीप्रमाणे आत रेषा ओढायचा मोह होतो. ओढायच्याच तर वेगळ्या थरात, प्रकार ‘वहिवाट’ लिहून. बांधांच्या टेबलात त्या आल्या की कागदावर न झालेली वाटणी नकाशावर होऊन जाते.

वाटणी झाल्यावर ११३ पुसून टाकायचा नसतो. प्रत्येक आवृत्तीला तारखांची डेटरेंज द्या, सुरुवात धरून आणि शेवट सोडून, आणि बीट्री_जिस्ट हे एक्स्टेन्शन घेऊन एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (एकमेकांवर येणाऱ्या नोंदी नाकारणारी अट) लावा, म्हणजे एकाच गटाच्या दोन आवृत्त्या एकाच दिवशी जिवंत राहू शकणार नाहीत. ११३ बंद करणारा आणि ११३/१, ११३/२ उघडणारा फेरफार क्रमांक वेगळ्या टेबलात, जुना-नवा अशा जोड्यांनी. तारखाही दोन हव्यात, फेरफार प्रमाणित झाल्याची आणि आपल्या डेटाबेसात भरल्याची. पुढे कोणी ‘गेल्या मार्चमध्ये तुमच्या नकाशात काय होतं?’ असं विचारलं तर दुसऱ्या तारखेशिवाय उत्तर देता येत नाही.

शेपफाइल मागणाऱ्यांसाठी

इतकं करूनही समोरचा शेपफाइलच मागतो. तिच्या डीबीएफमध्ये (माहितीच्या टेबलाच्या फाइलमध्ये) कॉलमच्या नावाला १० बाइट आणि मजकुराला २५४ बाइट. देवनागरीतलं प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, हलंत यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं. ‘ज्ञानेश्वर’ हे एकच नाव ३० बाइटचं. ‘गटक्रमांक’ हे कॉलमचं नाव २७ बाइटचं, ते कापून ‘गटक’ आणि वर एक तुटका बाइट उरतो, ज्यावर काही सॉफ्टवेअर फाइलच उघडत नाहीत. पाच सामाईक खातेदारांची पूर्ण नावं एका खान्यात मावतच नाहीत, शेवटचं नाव मधेच तुटतं. सोबतची सीपीजी फाइल (अक्षरांचं एन्कोडिंग सांगणारी) ईमेलमध्ये जोडायची राहिली तर सगळीच नावं चिन्हांचा काला होतात.

तेव्हा शेपफाइलमध्ये फक्त आकृती, आपली की आणि गावाचा कोड पाठवा, कॉलमची नावं रोमन लिपीत आणि १० अक्षरांच्या आत. नावं, हिस्से, फेरफार वेगळ्या यूटीएफ-८ सीएसव्हीत, त्याच कीसकट. समोरचा क्यूजीआयएस वापरत असेल तर हा खटाटोप नको, जिओपॅकेजची एकच फाइल पुरते. ड्रोनचा ऑर्थोफोटो (नकाशासारखा सरळ केलेला हवाई फोटो) मात्र तिच्यात कोंबू नका. ५ सेंटिमीटर पिक्सेल आणि ५ चौरस किलोमीटरचं गाव म्हणजे २०० कोटी पिक्सेल, तीन रंगांचे मिळून न दाबलेले ६ जीबी. तो क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ (तुकड्यातुकड्याने वाचता येणारी चित्राची फाइल) करून, आत ओव्हरव्ह्यू (लहान केलेल्या प्रती) बांधून, स्वतंत्र फाइल म्हणून द्या.